गोष्टीच्या आधीची गोष्ट

जिन्यात आमची टक्कर झाली आणि माझ्या हातातलं पुस्तक गडगडत खाली गेलं. तो उचलायला वाकला, तर मी म्हणाले, “राहू द्या, त्याची तीच लायकी आहे.”

तो हसला… आणि मी उगीचच केस सारखे केले.

तो निघाला स्टुडिओतला नवा रेकॉर्डिस्ट. मी ऑडिओबुकसाठी पुस्तकं वाचते. भिंतीआडच्या शहराची एक कादंबरीमालिका मी शाळेत असताना ताईशी भांडून भांडून वाचली होती. मोठेपणी तिन्ही भाग माझ्याच आवाजात निघाले. आता आला होता चौथा – जिन्यात पडला तोच – गोष्टीच्या आधीची गोष्ट सांगणारा. भिंत पाडणारी माझी लाडकी पोरगी त्यात जन्मालाच आली नव्हती. भिंत कशी बांधली, त्याच्या नुसत्या बैठका! इतकी वर्षं वाट पाहिली, ती ह्यासाठी? मी रोज कुरकुर करायची आणि तो काचेपलीकडे गालातल्या गालात हसत ऐकायचा. त्याचे ते डोळे… जाऊ दे.

एकच गोष्ट सलत होती. दर पानाला तो मला थांबवून पुन्हा वाचायला लावायचा. कधी म्हणे श्वास ऐकू आला, कधी घशातली खरखर. माझा आवाजच गेला, असं मला वाटू लागलं. हे पुस्तक संपलं की काम सोडायचं, असं मी ताईला सांगूनही टाकलं.

शेवटचं प्रकरण उरलं होतं. तो चहा आणायला गेला, तेव्हा आपलं काय बिघडलंय ते ऐकावं म्हणून मी त्याच्या खुर्चीत बसले आणि त्याने बाद केलेलं वाचन कानाला लावलं. सगळं स्वच्छ होतं. ना श्वास, ना खरखर.

तो कप घेऊन दारातच थबकला.

“मी काम सोडणार होते,” मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. “चुकलंच माझं. पुस्तक संपलं की तुम्ही यायच्या बंद होणार – म्हणून…”

मी रागावले होते, खरंच. तरी आत काहीतरी अलगद तरंगत होतं.

“असलं रटाळ पुस्तक लांबवलंत?”

“मला तर ते फार लहान वाटलं.”

मी आत जाऊन शेवटचं प्रकरण एका दमात वाचलं. मग पुस्तक मिटून माइकमध्येच म्हणाले, “उद्या भेटायचं असेल, तर सरळ विचार ना मला.”

पहिल्यांदाच मी त्याला अरे-तुरे केलं होतं. त्याने बटण दाबलं आणि हेडफोनमध्ये अगदी हळू आवाज आला – “येशील?”

 मी काचेतून त्याच्याकडे बघत हसून मान डोलावली.