शून्य ओढीचं घर

निश्चिंत हाइट्समध्ये घर मागायला गेलं की पगाराची पावती कुणी विचारत नाही. आधी मनगट पुढे करा म्हणतात. तनिष्का पोळनेही केलं. व्यवस्थापक रणदिवे यांनी तिच्या हातातल्या कड्यावर वाचकयंत्र टेकवलं, पडद्यावरचा आकडा पाहिला आणि दुःखाने मान हलवली.

"एकसष्ट! फार ओढ आहे हो तुम्हाला."

"मला? मी तर आठवडा आठवडा कुणाला फोन करत नाही."

"तुम्हाला कुणाची ओढ आहे, ते नाही मोजत आम्ही. कुणाला तुमची आहे, ते मोजतो."

आता ते कडं कुणाच्या हातात नाही? विमा कंपन्यांनी फुकट वाटलं, आणि फुकट म्हटल्यावर आपण काय सोडतो होय! नाडी, घाम, झोप, सगळं ते टिपतं. मग कुणा हुशार माणसाच्या लक्षात आलं, की एकाला घरी यायला उशीर झाला की दुसऱ्या कुणाची तरी नाडी पळायला लागते. या दोन नोंदी जुळवल्या की कुणाचा जीव कुणात अडकलाय ते कळतं. त्यालाच ओढमापन म्हणतात. शोध लावणाऱ्याला म्हणे यातून एकाकी माणसं शोधून त्यांना मदत करायची होती. कुणी तरी असलं काही तरी म्हणतंच.

एकाकी माणसं सापडली खरी, पण ती आधी घरमालकांना आणि कंपन्यांना सापडली. ज्याची कुणी वाट बघत नाही तो रजा मागत नाही. गावाकडून फोन आला म्हणून हातातलं काम टाकून पळत नाही, घराचा करार मोडत नाही. याच पुण्यात एके काळी 'अविवाहितांना जागा मिळणार नाही' अशा पाट्या होत्या. आता अविवाहितांसाठी पायघड्या घातल्या होत्या. फक्त मागे रडणारं कुणी नको, एवढीच अट.

"दहाच्या आत आणा," रणदिवे म्हणाले, "घर कायमचं तुमचं. दसऱ्यापर्यंत थांबतो. तोवर तात्पुरत्या राहा."

तनिष्काने ते घर पाहिलं आणि ती हरखलीच. चार वर्षं तिने कॉट बेसिसवर काढली होती. एका खोलीत सहाजणी, ढेकूण, आणि आंघोळीला नंबर. इथे एक अख्खी खिडकी तिच्या एकटीची होती. खाली भेळवाला, समोर वाचनालय, रविवारी टेकडी. 'कुठे गेली होतीस, कुणाबरोबर होतीस' असं विचारणारं कुणी नाही. शहराने आपल्या मापाचं शिवलंय असं तिला वाटलं, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. सव्विसाव्या वर्षी माणसाने दुसरं काय मागावं?

अडचण एकच होती. सुलोचना आत्या.

तनिष्का तीन वर्षांची असताना आई गेली. वडिलांनी दुसरा संसार मांडला आणि या पोरीला विसरून गेले. विधवा आत्याने तिला तासगावला नेलं आणि पिठाच्या गिरणीवर वाढवलं. एकसष्टमधला एकूणएक आकडा त्या बाईचा होता. तनिष्का कचेरीतून उशिरा निघाली की तिकडे गिरणीत आत्याची नाडी धावायची आणि इकडे रणदिव्यांच्या पडद्यावर दिसायची.

"आत्या, तू माझी काळजी करणं सोड," तनिष्काने फोनवर सांगितलं.

"बरं. सोडली."

"अशी नाही! खरी सोड. नाही तर माझं घर जाईल."

तिने सगळं समजावून सांगितलं. आत्या म्हणाली, "म्हंजे माझ्यापायी तुझं घर अडलंय व्हय? आधी न्हाई सांगायचं? कसं सोडत्यात ते सांग, सोडते."

कसं सोडतात ते रणदिव्यांना ठाऊक होतं. त्याला ते सराव म्हणत. वाईट बातमी पुन्हा पुन्हा ऐकवायची, की मन निबर होतं. पण आधी सांगून नाही, अचानक.

पहिल्या वेळी तनिष्का म्हणाली, "आत्या, माझा अपघात झालाय." आत्या चप्पल न घालता एस.टी. स्टँडपर्यंत पळाली. चालू गिरणीत ज्वारीवर गहू पडला आणि गिऱ्हाइकांनी गोंधळ घातला. सराव होता म्हटल्यावर ती स्टँडच्या बाकावर बसून ढसाढसा रडली आणि पोरीला नाही नाही ते बोलली. संध्याकाळी तिनेच फोन केला. "किती झाला गं आकडा? वाढला? मग उद्या परत कर."

कधी ताप, कधी लिफ्टमध्ये अडकणं, कधी पोलीस चौकी. एकदा तनिष्का म्हणाली, "हा सराव नाही गं, खरंच," आणि तोही सराव होता. एकदा तिने बिटाचा रस कपाळाला फासून व्हिडिओवर फोन लावला. आत्या किंचाळली, पण आधीपेक्षा कमी. तिने स्वतःच एक युक्ती काढली होती. फोन वाजला की डोळे मिटायचे आणि एकोणतीसचा पाढा म्हणायचा. "त्यो म्हणताना दुसरं काही सुचतच न्हाई बघ," ती म्हणाली. "मास्तरांनी लई मारलंय त्याच्यापायी."

चाळीस. सत्तावीस. चौदा. आकडा उतरताना पाहून तनिष्काला आनंद व्हायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो चारवर आला.

रणदिव्यांनी पेढा दिला. "सहीआधी दोन गोष्टी सांगायला हव्यात. तपासणी कधीही होते, न सांगता. आकडा वाढला तर घर जातं, म्हणून आत्याबाईंना सराव सोडू देऊ नका. दुसरं, हाच अंक हाक सेवेलाही जातो."

"रुग्णवाहिका? त्यांना कशाला?"

"गर्दी असली की त्यांचं यंत्र गाड्यांचा क्रम लावतं. ते मागच्या तक्रारींवरून शिकलंय. ज्याच्यामागे घाबरून भांडणारी माणसं असतात, तिथे गाडी उशिरा गेली की बोंब होते. ज्याच्यामागे कुणी नाही, तिथे काहीच होत नाही. तेव्हा..." ते हसले. "तुमच्या वयाला हो कशाला लागतेय रुग्णवाहिका!"

तनिष्काही हसली आणि तिने सही केली. आत्याला तपासणीचं सांगितलं. रुग्णवाहिकेचं सांगायचं राहूनच गेलं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी दुपारी आत्याने पाठवलेलं मण्यांचं तोरण दाराला लावायला ती स्टुलावर चढली. स्टूल सरकलं. ती मागे काचेच्या टीपॉयवर आदळली आणि काच मांडीत खोल घुसली. तिने हाताने दाबून धरलं, पण रक्त बोटांमधून येतच राहिलं. उठायला गेली तर डोळ्यांपुढे अंधारी आली.

तिने जिवाच्या आकांताने हाका मारल्या. निश्चिंत हाइट्सच्या भिंतीतून आवाज जात नाही, जाहिरातीतच तसं लिहिलेलं आहे. फाटकावर माणूस नव्हता, यंत्र होतं. रणदिव्यांचा फोन रविवारी बंद असायचा. कड्याने मात्र आपलं काम चोख केलं आणि हाक सेवेला कळवलं.

"आपली हाक पोहोचली आहे," कड्यातून गोड आवाज आला. "आपला क्रमांक नववा."

"अहो, रक्त थांबत नाहीये!"

"आपला क्रमांक अकरावा."

ज्यांचे आईबाप, बायका, भाऊ नाडी उडवत येरझारा घालत होते, ते तिच्या पुढे जात होते.

"आपली ओढ चार आहे. ती वाढल्यास क्रमांक वर येऊ शकतो. आपल्या माणसांना कळवा."

रक्ताळलेल्या बोटाने तिने आत्याला व्हिडिओ लावला. गिरणीची घरघर ऐकू आली, मग आत्याचा पिठाने पांढरा झालेला चेहरा दिसला.

"आत्या, मी पडलेय. काच घुसलीय. खूप रक्त जातंय."

आत्याने पडद्याकडे क्षणभर पाहिलं आणि चटकन डोळे मिटून घेतले. "एकोणतीस एके एकोणतीस."

"आत्या, नको! पाढा नको! हा सराव नाही!"

"एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. मागच्या खेपेलाबी असंच म्हणाली व्हतीस."

"ते खोटं होतं. हे खरं आहे गं. तू घाबर. तू घाबरलीस तरच गाडी येईल!"

आत्याच्या मिटल्या डोळ्यांवर एक आठी उमटली. गाडीचं तिने कधी ऐकलंच नव्हतं. ही काही तरी नवी, जास्त अवघड परीक्षा दिसत होती. पोरीचा आवाज इतका कापत होता, म्हणजे तपासणीवाले शेजारीच बसले असणार. आज आपण डगमगलो तर तिची खिडकी गेली, तिचं घर गेलं, ती पुन्हा त्या ढेकणांच्या खोलीत. आत्याने जात्याच्या खुंट्याला पकडावं तसा बाकाचा काठ घट्ट पकडला आणि श्वास लांब सोडला.

"एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी," ती ठणठणीत आवाजात म्हणाली.

"आपली ओढ तीन," कडं म्हणालं. "आपला क्रमांक चौदावा."

"आत्या, मी मरतेय गं. एकदा डोळे उघड ना. एकदाच बघ माझ्याकडे."

"न्हाई बघत. बघितलं की चुकतं माझं." आत्याने पाढा पुढे चालू ठेवला. तनिष्काचा हात मांडीवरून सुटला. तिला आणखी काही तरी सांगायचं होतं, पण ओठ हलले तरी आवाज फुटला नाही. फोन तिच्या छातीवर आडवा पडला आणि तिकडे आत्याच्या पडद्यावर नुसतं पांढरं छत दिसू लागलं.

"आपली ओढ शून्य," कडं म्हणालं. "आपला क्रमांक लवकरच कळवण्यात येईल."

एकोणतीस दाहे दोनशे नव्वद झाल्यावर आत्याने डोळे उघडले आणि फोनकडे न बघता गिरणी बंद केली. तिने मनगट उलटं करून कड्यावर आपली नाडी पाहिली. ती एका लयीत, संथ चालली होती. इतकी संथ ती तनिष्का घर सोडून गेल्यापासून कधीच चालली नव्हती. आत्याचा चेहरा फुलला. पदराने तोंडावरचं पीठ पुसून तिने फोनमधल्या त्या पांढऱ्या छताकडे पाहत विचारलं,

"तनू, झाले का गं मी पास?"