खिडकीत कोणीच नाही

हे घडलेलं आहे. विश्वास ठेवा म्हणून मी कोणाच्या पाया पडणार नाही. साहेबांच्या पडून झालंय, तेवढं पुरे.

मंगळवार होता. भर दुपार. जागा म्हणाल तर बस स्थानकातलं तिकीट खिडकीमागचं ऑफिस.

माझी मावशी त्या खिडकीत बसते. जीभ म्हणजे दांडपट्टा. आधी टोमणा, मग तिकीट, वर फुकटची विचारपूस. शेजारची खिडकी मोकळी असली तरी माणसं हिच्याच रांगेत यायची.

मग तिच्या डोक्यावर कॅमेरा लागला.

मावशी गप्प झाली. जांभईसुद्धा गिळायला लागली. "कोण कुठे बसून बघतंय, आपल्याला काय कळतं रे?" म्हणायची. हळूहळू तिचा चेहरा पुसलेल्या पाटीसारखा झाला.

आणि नोटीस आली.

कामावर गैरहजर. खुलासा पटला नाही तर नोकरी संपली. घर तिच्याच पगारावर चालतं.

"गैरहजर? दिवसभर बूड हललं नाही माझं!"

म्हणून त्या मंगळवारी आम्ही दोघं स्थानकाच्या साहेबांपुढे. साहेबांनी फुटेज लावलं.

खिडकी. रांग. खुर्ची...

रिकामी.

माणसं पैसे सरकवत होती. काचेखालून तिकिटं येत होती. एक आजोबा तर त्या खुर्चीकडे बघून हसलेसुद्धा.

"मग तिकिटं कोण देतंय, साहेब?"

"तो माझ्या विभागाचा प्रश्न नाही."

"अहो, बाई तुमच्यासमोर उभी आहे!"

"इथे आहे. तिथे नाही. मी तिथलं बघतो."

अशा माणसापुढे डोकं आपटण्यापेक्षा भिंत बरी.

मी मावशीला खिडकीत पाठवलं आणि पडद्यासमोर थांबलो. भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, "पुढचे, या."

पडद्यावर...

कोणीच नाही.

मी भिंतीवर थाप मारून ओरडलो, "मावशी, भांड! पूर्वीसारखी भांड!"

मग... "ओ टोपीवाले! रांग काय सासऱ्यांनी लिहून दिलीय? मागे व्हा!"

खुर्चीत आधी एक हात दिसला. मग उघडं तोंड. मग अख्खी मावशी.

साहेब पाणी प्यायले. गैरहजेरीची नोटीस फाडली आणि दुसरी लिहिली... प्रवाशांशी उद्धट वर्तन.

एक गेली, एक आली. हिशेब चोख.

"पुन्हा आवाज आला तर घरी बसवीन," साहेब म्हणाले.

"आणि खुर्ची रिकामी दिसली तर?"

"ते चालवून घेऊ."

मावशीने मान हलवली. त्या दिवसापासून तिच्या तोंडून 'पुढचे, या' याखेरीज शब्द नाही. घरीसुद्धा.

काल मी तिच्याकडे गेलो. काकांनी दार उघडलं, पण मला आत घेईनात. उंबऱ्यातच माझा दंड धरला.

"आत बसलीये," ते कुजबुजले. "नीट बघ आणि सांग... तुला दिसते ना रे?"

मी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हो," म्हणालो. जरा मोठ्यानेच.

दुसरं काय म्हणणार? ती ऐकत होती.