शून्यावर ठेवलेला आवाज

हेडफोन संगणकाला जोडला की त्यात आजोबा बोलत होते. काढला की स्पीकर गप्प. असं कसं?

शर्वाणीने घड्याळाकडे पाहिलं. सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, नव्या रेडिओ दुर्बिणीचं (आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी मोठी तबकडी) उद्घाटन पाच मिनिटांवर आलं होतं. दुर्बीण आजोबांनी आखलेली, पण ती उभी राहण्याआधीच ते गेले. मुलांसाठी त्यांनी बोलून ठेवलेले दोन शब्द आज ऐकवायचे होते. त्यासाठी त्यांच्या टेबलावरचा संगणक भल्यामोठ्या स्पीकरसकट घरून इथल्या सभागृहात आणला होता. समोर चाळीस मुलं, पहिल्या रांगेत आजी, आणि स्पीकर मुका.

तिने पुन्हा हेडफोन जोडला, आवाजाची पट्टी शंभरावर नेली आणि हेडफोन काढला. काहीच नाही.

"तू हेडफोनचा आवाज वाढवलास," आजोबांचा यंत्रमानव ठोकळा म्हणाला. "आता तो कानाला लावू नकोस, दडे बसतील."

"आवाज एकच असतो ना रे?"

"तुझा एकच असतो, आणि तो तीन वर्गांना पुरतो. संगणकाचं तसं नाही. त्याच्या लेखी ध्वनी म्हणजे आकड्यांची लांबलचक माळ. बाहेर सोडण्याआधी तो प्रत्येक आकड्याला पातळीने गुणतो. पातळी पूर्ण असली की आकडा तसाच राहतो, अर्धी असली की निम्मा."

"आणि शून्य असली तर सगळंच शून्य."

"शहाणी आहेस. आता पुढचं. ध्वनिप्रणाली (आवाज कुठून आणि किती सोडायचा हे ठरवणारा प्रोग्रॅम) प्रत्येक उपकरणाची पातळी वेगळी लक्षात ठेवते. हेडफोन जोडला की हेडफोनची नोंद वाचते, काढला की स्पीकरची. कानाला खेटलेल्याला पुरतं तेवढं सभागृहाला कसं पुरेल?"

शर्वाणीने हेडफोन नसतानाची, म्हणजे स्पीकरची नोंद उघडली. शून्य.

"हे कोणी केलं?"

"त्यांनीच," पुढून आजी म्हणाली. "जेवण झालं की माझा डोळा लागायचा. मग ते स्पीकरचा आवाज शून्यावर नेऊन हेडफोनवर काम करायचे. मी उठले की परत वाढवायचे."

त्या शेवटच्या दुपारी वाढवायचं राहून गेलं होतं. अकरा महिने संगणकाने ते शून्य तसंच जपलं होतं.

शर्वाणीचं बोट पट्टीवर थबकलं. "ठोकळ्या, मी तीसवर नेलं तर हे शून्य कुठे राहील का?"

"नाही. प्रत्येक उपकरणापुढे एकच आकडा, शेवटचा."

तिने आजीकडे पाहिलं.

"वाढव गं," आजी म्हणाली. "आता मी जागी आहे."

पट्टी तीसवर गेली.

"मुलांनो," आजोबा खाकरले, "दुर्बीण नुसती ऐकते. त्यातलं काय शोधायचं, ते तुम्ही ठरवायचं..."

"मागे ऐकू येत नाही," शेवटच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं.

शर्वाणीने पट्टी पन्नासवर नेली. खिडकीबाहेर ती प्रचंड तबकडी हळूहळू आकाशाकडे वळू लागली.