सुलेखाचं सेकंडहँड पिस्तूल

सुलेखाने चाप ओढला. नुसतं ‘खट्’ झालं.

काळ्या मास्कमधला माणूस थांबला नाही. ती कामावरून येऊन दार लावणार, तेवढ्यात तो आत घुसला होता. तिने पर्समधलं पिस्तूल रोखलं, तरी सरळ चालत आला. शेवटी तिने पिस्तूलच भिरकावलं. ते त्याच्या उजव्या मनगटावर आदळलं. तो कळवळला. ती बाल्कनीत धावली आणि जिवाच्या आकांताने ओरडली. शेजारची दारं उघडली, तसा तो पळाला.

थोड्या वेळाने टेक्सासमधल्या फ्रिस्को शहराच्या पोलिसांची डिटेक्टिव्ह इला कर्णिक तिच्यासमोर बसली होती. जन्म इथलाच, पण घरी मराठी बोलून वाढलेली.

“सुलेखाताई, कोणावर डाउट?”

“गुरुनाथ. माझा एक्स. महिनाभर अनोळखी नंबरवरून धमक्या येतायत. म्हणून तर गन घेतली.”

“त्याला माहीत होतं, गन आहे ते?”

“नाही. फक्त नकुलला.”

नकुल खालच्या मजल्यावर राहायचा. गलका ऐकून तोही वर आला होता. भर ऑगस्टात अंगात लांब बाह्यांचं जॅकेट. डाव्या हाताने त्याने सुलेखापुढे पाण्याचा ग्लास धरला.

“डेकेअरच्या पगारात चांगली नवी परवडेना,” सुलेखा म्हणाली. “नकुल म्हणाला, पोलिसांनी वापरून विकलेली घे. स्वस्त नव्यापेक्षा दणकट.”

“पण शेवटी जुनं ते जुनंच,” नकुल पुटपुटला. “दुकानदाराने फसवलं, यार.”

“शूटिंग रेंजवर चालवून बघितलीत?” इलाने विचारलं.

“रविवारी. एकदाही अडकली नाही.”

“त्यानंतर कोणाच्या हातात गेली?”

“नकुलने क्लीन करायला नेली होती. एवढंच.”

इलाने गुरुनाथचा ठावठिकाणा काढायला सांगितलं; पिस्तूल आधीच तपासायला गेलं होतं. तासाभराने तिचा फोन वाजला. तिने दोन मिनिटं ऐकून घेतलं, मग दाराशी उभ्या पोलिसाला खूण केली. तो नकुलच्या मागे येऊन उभा राहिला.

“गुरुनाथ तिकडे कॅलिफोर्नियात, सांता क्लारात आहे. हल्ला झाला तेव्हा ऑफिसात मीटिंगमध्ये होता.”

“मग कोण?”

“गोळीवर आदळते ती पिन आमच्या तज्ज्ञाने पाहिली. झिजलेली नाही. कोणीतरी मुद्दाम घासून आखूड केलीय. रविवारी गन चालत होती, म्हणजे दुकानदार सुटला. आणि ताई, रोखलेल्या पिस्तुलासमोर कोण चालत येतो? ते उडणार नाही हे ज्याला ठाऊक आहे, तोच.”

इला नकुलकडे वळली.

“नकुल, उजवी बाही वर करा.”

तो दाराकडे वळला. पोलिसाने त्याचा दंड धरला. बाही सरकली. मनगट सुजून काळंनिळं झालं होतं.

“धमक्यासुद्धा तूच?” सुलेखाने विचारलं.

“तू घाबरलीस की मलाच हाक मारायचीस,” नकुल खाली बघत म्हणाला. “गन आली आणि हाक मारणं बंद झालं. मी तुला काही करणार नव्हतो. नुसतं घाबरवून जाणार होतो. मग धावत वर आलो असतो.”

“वाचवायला?”

पोलीस त्याला घेऊन गेला.

हातातला पाण्याचा ग्लास सुलेखाने सिंकमध्ये रिकामा केला.

“भरवशाची गन कोणती, हे मी त्यालाच विचारत होते,” ती म्हणाली. “आणि भरवसा त्याच्यावर ठेवत होते.”