कोरं रक्त

‘माणूस खोटं बोलतो, रक्त कधीच नाही!’ रत्नागिरीतल्या एका खासगी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणारे राजाभाऊ करंदीकर हे ठणकावून सांगत. स्वतःच्या दंडात सुई शिरताना मात्र ते भिंतीकडे तोंड करून अथर्वशीर्ष पुटपुटत.

सुई रोज शिरे, कारण रोग्याच्या रक्तातलं भुलीचं औषध मोजायचं तर औषध नसलेलं, ‘कोरं’ रक्तही यंत्राला लावून काटा शून्यावर राहतो ना, हे पाहावं लागे. राजाभाऊंइतकं कोरं रक्त दुसरं कुणाचं? घरात लसूणसुद्धा वर्ज्य.

१९८४च्या एप्रिलात देवरूखकडची काशी अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर उठलीच नाही. श्वास चालू, डोळे मिटलेले. भूल डॉक्टर हेमा साठ्यांनी दिली होती. औषध जास्त झालं असं ठरलं तर त्यांची नोकरी जाणार. पोरगी गेली तर त्याहून वाईट.

“मी मोजून दिलं हो, राजाभाऊ. ‘तोंडात लसणीची चव येतेय’ म्हणाली, तशी येतेच या औषधानं. आणि झोपली.”

नंतर थेंबभरही दिलं नव्हतं. रक्तातलं औषध रोज उतरायला हवं. काटा रोज बावीसवर. राजाभाऊंनी नळ्या बदलल्या, रसायनं बदलली, यंत्राला शिव्या घातल्या.

बावीस.

काशीची आई मालन दाराशी येऊन बसली.

“भूल काडता येते, भाऊ. पन ती ठेवायची कुटं? कुनीतरी ‘माजी’ म्हनाया लागतंय.”

हेमाताईंचे डोळे भरले. वरच्या साहेबांनीही सकाळी हेच विचारलं होतं : भूल कुणाची?

वातावरण हलकं करावं म्हणून राजाभाऊ हसले. “माझी म्हणा की! इथं रिकाम्या बाटल्या पुष्कळ आहेत.”

मालन हसली नाही. उठून हात जोडले आणि गेली.

दुसऱ्या दिवशी राजाभाऊंनी घाईघाईत काशीचाच नमुना आधी लावला. काटा शून्यावर. हलेना.

तेवढ्यात हेमाताई धावत आल्या. “उठली! पेज मागतेय!”

“बघा, रक्त खोटं बोलत नाही,” म्हणत राजाभाऊंनी रिवाज म्हणून आपलं सकाळी काढलेलं कोरं रक्त लावलं.

काटा सरकला.

बावीस.

नळी बदलली. बावीस.

त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. पुन्हा फिरवली. मग खुर्ची ओढून सावकाश बसले.

“हेमाताई,” ते जांभई दाबत म्हणाले, “तेवढा कडक चहा सांगता का? आणि आलं घालायला सांगा. तोंडात लसणीची चव येतेय.”