झरा आटला, पण पाणी वाढलं!

"तुमचं यंत्र म्हणतं पाणी वाढलं. आमचा झरा म्हणतो पाणी आटलं. मॅडम, दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?"

हा प्रश्न मी डॉ. टिपणीस मॅडमना विचारला, तेव्हा मला वाटलं आता ओरडा बसणार. मोठ्यांना उत्तर येत नसलं की ते आपल्यालाच गप्प बसवतात, हा माझा अनुभव! पण मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "जुई, मला तरी कुठे माहीत आहे गं?"

आमची आंबेदरा वाडी डोंगराच्या कड्याला टेकून वसली आहे. वीज उन्हापासून मिळते, औषधं ड्रोन आणून देतो, पण पाणी मात्र कड्यातल्या झऱ्याचंच. वरच्या पठारावर विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. जंगल, माती, पाणी ही निसर्गाची संपत्ती जपून कशी वापरायची, याचा तिथे अभ्यास चालतो. चार वर्षांपूर्वी तिथल्या या टिपणीस मॅडमनी आणि वाडीतल्या लोकांनी मिळून पठारावर चर खणले, म्हणजे पावसाचं पाणी वाहून न जाता जमिनीत मुरेल. ते किती मुरलं हे मोजायला विद्यापीठाने एक खोल, अरुंद भोक पाडलं आणि त्यात यंत्र सोडलं. त्याला म्हणतात निरीक्षण कूपनलिका (आतलं पाणी उपसायचं नाही, फक्त मोजायचं).

पाण्याची पातळी दाखवणारी त्या यंत्राची रेघ दरवर्षी वर चढत होती. आणि झरा? आधी मनगटाएवढी धार होती, ती आता करंगळीएवढी उरली होती. येत्या ग्रामसभेत ठरणार होतं, की अख्खी वाडी उठवून खाली रस्त्याकडेला न्यायची का नाही. आई म्हणायची, "पानी न्हाई तिथं ऱ्हाऊन काय करायचं?" तिचं चुकत नव्हतं. पण मला जायचं नव्हतं. अजिबात जायचं नव्हतं!

"चल, घोरपडीला खाली पाठवू," मॅडम म्हणाल्या.

घोरपड म्हणजे त्यांचा रोबो. हातभर लांब, पायाला चिकट गाद्या, डोक्यावर दिवा. बोलतो मात्र अगदी समारंभात भाषण केल्यासारखा. आम्ही त्याला भोकात सोडलं आणि पडद्यावर बघत बसलो. काळा खडक, काळा खडक, आणि मग अचानक भिंत ओली दिसायला लागली.

"उजवीकडून पाणी झिरपत आहे," घोरपड म्हणाला. "माझ्या पाठीवरही पडत आहे. हे मला आवडलेलं नाही."

थोडं खाली एक लालभडक पट्टा आला. त्याच्याखाली परत काळा खडक, आणि तळाशी भरपूर पाणी. वरून धार त्यातच पडत होती.

"अरे देवा!" मॅडम एवढंच म्हणाल्या आणि उठल्या.

मला काहीच कळलं नाही. मग त्यांनी दोन रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या कापल्या, एकीवर एक ठेवल्या. वरच्या बाटलीला बुडाच्या जरा वर, बाजूला छिद्र पाडलं आणि मला पाणी ओतत राहायला सांगितलं. बाजूच्या छिद्रातून छान धार लागली.

"ही वरची बाटली म्हणजे वरचा जलधर (पाणी धरून ठेवणारा भेगाळ खडक). तिचं बूड म्हणजे तो लाल मातीचा थर. तो अपार्य आहे (त्यातून पाणी सहसा झिरपत नाही). मग अडलेलं पाणी कुठे जाईल?"

"बाजूने बाहेर. म्हणजे हा आमचा झरा!"

"शाब्बास. आता कंपासचं टोक घे आणि वरच्या बाटलीच्या बुडाला भोक पाड."

मी पाडलं. बाजूची धार बारीक झाली, मग थेंब थेंब पडू लागली. खालची बाटली मात्र भराभर भरत होती.

"मॅडम, म्हणजे तुमच्या भोकानेच..."

"हो. लाल थर ओलांडला तिथे भोकाची कड आम्ही बंद करायला हवी होती. सगळ्या थरांचं पाणी एकाच भोकात मोजायच्या नादात ती उघडी ठेवली. मुरलेलं पाणी खाली गळत राहिलं. यंत्र खरं बोलत होतं आणि झराही."

"मग बुजवा ना लगेच!"

"बुजवलं की माझी मोजणी तुटली. या एका भोकावर चार वर्षांचं काम उभं आहे, जुई."

"आणि आमची वाडी उठली तरी चालेल?" मी ओरडलेच. डोळ्यांतून पाणी आलं ते आलंच.

मग त्यांनी घोरपडीला वर ओढलं, यंत्र काढून घेतलं आणि विद्यापीठाला फोन लावला. दुसऱ्याच दिवशी फुगणारी चिकणमाती आणि सिमेंट ओतून भोक तळापासून तोंडापर्यंत भरलं गेलं.

ग्रामसभेत मॅडम स्वतःहून उभ्या राहिल्या. "चूक आमची आहे," त्या म्हणाल्या. "थोडी वाट बघा, एवढीच विनंती." लोक चिडले, दोघं-तिघं तर चांगलेच. शेवटी सरपंचकाकांनी निर्णय होळीपर्यंत पुढे ढकलला.

मी रोज शाळेआधी झऱ्यावर जायचे. आधी काहीच फरक नाही. मग एका सकाळी हंडा नेहमीपेक्षा लवकर भरला. होळीच्या आठवड्यात धार अंगठ्याएवढी झाली, आणि वाडी उठवायचा विषय सरपंचकाकांनी परत काढलाच नाही.

त्याच आठवड्यात मॅडम झऱ्यावर आल्या आणि धारेखाली ओंजळ धरून पोटभर पाणी प्यायल्या.

"या डोंगररांगेतल्या वाड्यांच्या वर आणखी कितीतरी भोकं आहेत," तोंड पुसत त्या म्हणाल्या. "काही आमची, काही लोकांनी पाण्यासाठी पाडलेली. सगळी तपासायची आहेत. सुट्टीत येशील मदतीला?"

"आईला विचारते."

आई मागेच हंडा घेऊन उभी होती. "इचारायचं काय त्यात?" ती म्हणाली. "जा की. त्या वाड्यांमधीबी पोरी असतील, तुझ्यासारक्या रडत बसलेल्या."