माणसाएवढं शेवाळ

त्या दिवशी ऊन नव्हतं आणि पाऊसही नव्हता. आभाळ न पिळलेल्या फडक्यासारखं खाली आलेलं, वारा पडलेला, अंगाला नुसती चिकचिक. शेवाळाला असली हवा फार मानवते. मलाही बरी, ओलं शेवाळ लवकर सुटतं.

माझं कामच ते. लोकांच्या अंगणातल्या फरशा खरवडायच्या, वाटेवरच्या खडीतलं तण मुळासकट उपटायचं. औषध मी मारत नाही. खुरपं, जुना कालथा, किटलीभर उकळतं पाणी, आणि घाई करायची नाही. निघालेली घाण दुसऱ्याच्या दारात ठेवायची नाही, हा माझा नेम. तिथंच टाकली की पुन्हा धरते. पोत्यात भरून घरी आणायची आणि मागच्या खड्ड्यात पुरायची.

मास्तरीणबाईंनी बोलावलं होतं. त्यांचे यजमान गेल्या थंडीत मागच्या दारी घसरून वारले. बाई तेव्हा लेकीकडे गेलेल्या. दोन दिवस ते तिथंच पडून होते म्हणे, दाराकडे हात करून. आता लेक संध्याकाळी यायची होती. अंगण निसरडं दिसलं तर आईला घेऊन जाणार आणि घराला कुलूप लावणार, असं तिनं बजावलं होतं.

“एवढं निघालं तर मी इथं राहीन, दादा,” बाई हळूच म्हणाल्या.

खडीतलं तण दुपारपर्यंत उरकलं. फरशाही निघाल्या. राहिला मागच्या दारापुढचा एक पट्टा. अंगठ्याएवढा जाड, माणसाएवढा लांब. डोकं, खांदे, आणि एक हात दाराकडे गेलेला. बाईंनी तो चारदा काढला होता. दर वेळी हात पुढं आलेला असायचा. मी म्हटलं, जिथं ओल मुरते तिथं ते येतंच.

कालथा घातला. शेवाळ निघताना खरखर वाजतं. हे वाजलं नाही. दुधावरची साय उचलावी तसं सुटलं, आणि खालची फरशी कोमट लागली. मग वास आला. आमची मंडळी दोन वर्षं खाटेला खिळून आहे, तिचं सगळं मीच करतो. तिच्या पाठीखालची चादर ओढताना येतो, तोच वास. मुळं पांढरी, मऊ. कंगव्यात केस गुंतावेत तशी बोटांत गुंतायची. झटकली तर मनगटाला चिकटायची. डोक्याच्या जागी फरशीच्या सांध्यातून तार धरणारं पाणी वर आलं. कुंपणाशी जाऊन ओकलो, चूळ भरली, पुन्हा बसलो. बाईंना हो म्हटलं होतं ना.

किटली ओतली, तर सगळा पट्टा मीठ पडलेल्या गोगलगाईसारखा आक्रसला.

बाई दारात उभ्या होत्या. “त्यांना... दुखत नसेल ना?”

“शेवाळ आहे, बाई,” मी म्हणालो. पण हात आपोआप हलका पडला होता.

बोटं शेवटी काढली. ती उंबऱ्याला टेकली होती.

लेक आली, फरशीवरून दोनदा चालली, टाच घासून पाहिली. मग आईला म्हणाली, राहा बाई तुझ्या घरात. मास्तरीणबाईंनी मला हात जोडले. मी पोतं उचललं. ओलं शेवाळ जड असतं हे खरं, पण हे हातगाडीवर चढवताना कंबर मोडली. वाटभर वाटत होतं, आतलं एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होतंय.

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. खड्ड्यापर्यंत नेण्याची ताकद उरली नव्हती. उद्या पुरू म्हणून पोतं मागच्या दाराशीच टेकवलं. आयुष्यात पहिल्यांदा. दार उघडून मंडळीला हाक दिली, तिनं हुं केलं. हाताचा वास जाईना आणि घरात साबण नव्हता. अशा हातांनी तिला घास कसा भरवणार? म्हणून दार ओढून घेतलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आलो.

परतलो तर पोतं सपाट पडलेलं. पायरी ओली. शेजारीण तिच्या अंगणात नळाखाली हात चोळत होती. मला पाहून म्हणाली,

“बरं झालं आलात, काका. तुमचे पाहुणे मागच्या दाराशी पालथे पडले होते बिचारे, दाराकडे हात करून. उठवून आत नेलं, काकूंच्या शेजारी निजवलंय... तेवढा साबण द्या जरा. हे हाताला लागलंय ते निघेना.”